सुऱ्या मोजणारी

रोज रात्री पडदा पडला की मी सुऱ्या मोजते.
अकरा.
सहांचं पातं दाबलं की मुठीत शिरतं,
तीन लाकडी, चंदेरी वर्खाच्या,
एक नुसती टेबलावर दिसायला,
आणि एक खरी. ती पावासाठी.
विषाची कुपी वेगळी. तिच्यात बडीशेपेचं पाणी,
कारण नेरीनाबाईंना पित्ताचा त्रास.

त्रिएस्तेत बोरा वारा सुटला
की थिएटरची मागची दारं दोरखंडानं बांधावी लागतात.
आत मात्र उकडतं.
आत एक बाई एकतीस वर्षं पुरुषांचा काटा काढते आहे:
नवरे, प्रियकर, दोन भाऊ, एक लठ्ठ कार्डिनल.
हजेरीवहीच्या मागच्या पानांवर माझ्या उभ्या रेघा,
पाचवी आडवी.
चारशे सात.

जाहिरातीत छापतात: केसानं गळा कापणारी.
तो केस मी विंचरते.
घोड्याच्या शेपटीचा टोप आहे.
आणि नाताळच्या आदल्या दिवशी
नवऱ्यानं बाजारातून जिवंत वाम आणली तर
या बाईनं ती तीन दिवस न्हाणीच्या टबात सांभाळली,
मग ओव्हरकोटाखाली बादली लपवून
कालव्यात सोडून आली.

रक्त मी करते. बीट, साखरेचा पाक, चिमूटभर कोको.
धुवायचं थंड पाण्यात; गरम पाण्यानं डाग कायमचा बसतो.
हे मला थिएटरनं नाही शिकवलं.
आईनं शिकवलं. म्हणजे
बोलली काही नाही,
बादली पुढे सरकवली फक्त.

ज्यांनी हे सगळं रचलं ते पुरुषच होते.
त्यांनी तिच्या हाती सुरी दिली,
सुरीआधी दहा मिनिटं गायला दिली,
आणि नंतर न चुकता
वेड, किंवा कडा, किंवा तळघर.
तिला जिवंत ठेवून पडदा पाडायचा
धीर कुणाला झाला नाही.
लोकांना आपापले कोट घेऊन
घरी जायचं असतं ना, बायकोबरोबर.

पण मी विंगेत उभी असते, मला ऐकू येतं.
सुरी आत जाते तेव्हा वाद्यं एक मात्रा थांबतात.
त्या मात्रेत वरच्या तिसऱ्या सज्जातून,
स्वस्तातल्या बाकांवरून,
एक श्वास सुटतो. किंकाळी नाही.
दिवसभर आवळलेलं काही
अंधारात सैल केल्यासारखा,
पन्नास-साठ बायकांचा मिळून एक.
मग टेनर मरतो आणि हळूच नाक खाजवतो.

फेब्रुवारीत एक सुरी कमी भरली.
दहा.
पुन्हा मोजल्या. दहा.
कोरसमध्ये मिलेना आहे, खालच्या पट्टीतली,
उन्हाळ्यातही गळ्याला रुमाल बांधणारी.
तिला मी विचारलं नाही.
कचेरीत लिहून दिलं: हरवली,
बहुधा बोऱ्यानं नेली.
साहेबांनी सही केली. या गावात वाऱ्यावर
काहीही खपतं.

सोळाव्या दिवशी ती आली,
सुरी भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळून.
उशीखाली ठेवायचे, म्हणाली.
रात्री त्यानं उशी ओढली, तेव्हा दिसली.
मी हातात घेतली.
आणि नेरीनाबाई तिसऱ्या अंकात घेतात ना,
तसा श्वास घेतला, बरगड्या पसरून.
गायले नाही.

तो बुटांच्या नाड्या न बांधताच गेला.
गोरीत्सियाला भावाकडे आहे म्हणे.

पातं मुठीत शिरतं हे त्याला कुठून ठाऊक असणार?
बारा वर्षांत एकदाही
तो तिचं काम बघायला आला नव्हता.

मिलेना हसली नाही, मीही नाही.
तिनं मानेवरचा रुमाल काढला,
खिडकीपाशी जरा वेळ उभी राहिली
आणि मेकअपला गेली. घंटा झाली होती.

वहीत मी एक रेघ ओढली.
मग खोडली. मेलं कोण होतं?
खोडलेलीही रेघच दिसते, राहू दे.

अकरा.
सहावीची स्प्रिंग जरा अडकत होती.
तेलाचे दोन थेंब सोडले,
तळहातावर दाबून पाहिली.